निरंक

चैत्रातल्या यात्रेआधी आठ दिवस
मी फक्कीची बादली घेऊन मैदानात उतरतो.
सुतळी ताणायची, खुंटी ठोकायची,
दहा बाय दहा, दहा बाय पंधरा,
कोपऱ्यावर मौत का कुआँ.
बावीस वर्षं. नाशिक महापालिका, मिळकत विभाग.

चिंचेकडे मुरूम आहे, नाल्याच्या अंगाला काळी.
काळीत पाळणा उभा करायचा नाही
हे मी हमीदभाईंना सांगितलं
की त्यांनी मला,
आता आठवत नाही.

परवा सल्लागार आले. पडदा लावला.
पडद्यावर मैदान होतं म्हणे.
संगीत कारंजं, बारा महिने बर्फाचं घर,
वरच्या गच्चीत वाइनचे पेले,
आणि इतकी माणसं, पण एकाच्याही हातात
पिशवी नव्हती.
यात्रेला राखीव जागा : चाळीस बाय साठ, फरशीची.
फरशीत खुंटी कशी ठोकायची, मी विचारलं.
त्यांनी ते टिपून घेतलं.

मग लाल अक्षरांत आकडा आला :
वापर तेरा दिवस. रिकामं तीनशे बावन्न.
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बरोबर ना?
बरोबरच. नोंदवही माझ्या हातची.
तेरा दिवसांच्या पावत्या फाडल्या,
उरलेल्या प्रत्येक रकान्यात मीच लिहीत आलो,
निरंक.

निरंक, म्हणजे पहाटे पाचला
पोलीस भरतीची पोरं, सोळाशे मीटर,
त्यात चुलतीकडे राहणारी निफाडची एक मुलगी,
आणि त्यांच्या पायांनी पडलेली गोल वाट
जी मी आखली नव्हती.
निरंक, म्हणजे अंगणवाडीच्या पेखळेबाई
पंचेचाळिसाव्या वर्षी स्कूटरवर आठ काढताना,
मागे धावणारा मुलगा : आई, ब्रेक! ब्रेक!
गंगेला पाणी चढलं त्या साली
भांडीबाजारातले हंडे, पातेली, घागरी
तीन रात्री इथे. पावसात वाजत.
घिसाड्याचा भाता. द्राक्षांचे रिकामे क्रेट.
आणि पुष्कळदा
काहीच नाही. ऊन. एक कुत्रं. मी.

एका चैत्रात गाळा क्रमांक एकेचाळीसमध्ये
टिटवीची चार अंडी होती.
मी रेघ दोन हात वळवली.
याची नोंद नाही.

आमच्या जुन्या गावात रहाड आहे.
रंगपंचमीला उघडते, एक दिवस,
माणसं त्यात धपाधप उड्या मारतात,
मग वर फळ्या, फळ्यांवर माती,
आणि वर्षभर तिच्यावरून रिक्षा, हातगाड्या,
दळण घेऊन जाणाऱ्या बायका.
अजून कुणी म्हणालं नाही
की खाली एवढी मोठी टाकी पडून आहे.
हे बैठकीत सांगायचं होतं.
पण बैठकीत मला
चहा घेणं आणि मान हलवणं एवढंच जमतं.

घरी मुलगी म्हणाली, होऊ दे की, बाबा.
दिवे लागतील. बायकांसाठी संडास होतील.
तुमच्या त्या मैदानात
सातनंतर मी कधी पाय ठेवलाय?

हातातला घास तसाच राहिला.
बावीस वर्षं निरंक लिहिताना
हे मी कुठल्या रकान्यात धरलं होतं?

काल मोजणीची पोरं आली, यंत्र, तिपाई, पिवळा रंग.
त्यातलं एक, शेंडगे नावाचं, जेमतेम मिसरूड,
म्हणालं, काका, तुम्ही इथले जुने.
शून्य कुठे धरू?

मी चिंचेपासून पावलं मोजत
एकेचाळीसपर्यंत गेलो.
दोन हात बाजूला सरकलो.
टाच रोवून म्हणालो,
इथे धर. जरा सांभाळून.