गणपूर्ती

कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, तीन महिन्यांतून एकदा,
आमची समिती बसते :
आपत्कालीन दूरध्वनी सेवा, सल्लागार.
सल्ला आम्ही द्यायचा. घ्यायचा की नाही ते वरचे बघतात.
सभासद अकरा, गणपूर्ती सहा.
मी नववी. तुळसा हलगेकर, निवृत्त ऑपरेटर, खानापूर एक्स्चेंज.
मुदत दोन वर्षं, भत्ता नाही, चहा आहे.

नावाची पाटी कन्नडात.
वाचता येतं मला, खरं पहिल्या बैठकीला
माझ्याच खुर्चीपुढून मी दोनदा गेले.

आज विषय क्रमांक चार.
करंजाळच्या रानात भिवा गावडेला अस्वलानं धरलं,
फोन लागला तो डोंगरापलीकडच्या टॉवरला, गोव्यात.
मठपतींनी ध्वनिफीत लावली.
आधी नुसता वारा.
मग एक माणूस : फणसाच्या खाली हाय आमी.
बाई विचारते, कोणता जिल्हा?
तो म्हणतो, अस्वल.
बाई पुन्हा, जिल्हा सांगा, जिल्हा.
तो म्हणतो, अवो अस्वल, अस्वल.
सत्तेचाळीस सेकंद.
शेरा : स्थान अनिश्चित. कॉल खंडित.

पुढे दोन तास चर्चा,
फोन उचलल्यावर पहिला शब्द कुठल्या भाषेत असावा.
कन्नड आधी, हा नियमच आहे, मठपती म्हणाले.
मग मराठी कितव्या नंबरला, डॉक्टर अनगोळकरांनी विचारलं.
इंग्रजीसाठी कोणता आकडा दाबायचा, यावर एक उपसमिती निघाली.
टॉवर कंपनीचे नायर म्हणाले, सिग्नलला सीमा कळत नाही साहेब,
आणि एकटेच हसले.
या गावात त्या शब्दावर कोणी हसत नाही,
त्यांची नुकतीच बदली झालीय.

मी काय बोलणार?
आमच्या वेळी बोर्डावर चाळीस भोकं, हातात दोरी,
कानाला तापलेला हेडफोन.
जांबोटीचा सावकार मला खोकल्यावरून कळायचा,
नंदगडची मास्तरीण तिच्या गप्प राहण्यावरून.
एका रात्री कुणीतरी नुसतं म्हणालं, पोरगं भाजलंय गे,
मी काजूवाल्याचा मुंबईचा ट्रंक कॉल मधेच उपटला
आणि दवाखाना जोडून दिला.
मेमो मिळाला. अजून ट्रंकेत आहे, लग्नाच्या शालूखाली.
पोराचं काय झालं ते मात्र कुणी कळवलं नाही.

शेवटी ठराव टाकला :
आधी विचारावं 'काय झालं', मग 'कुठं', जिल्हा सगळ्यात शेवटी.
हात वर गेले पाच.
तेव्हा कुठं कारकुनानं डोकी मोजली.
दहावी खुर्ची रिकामी : दुर्गम भाग, वापरकर्ता प्रतिनिधी.
नोटीस तीनदा पाठवली होती, मोबाईलवर.
पोचल्याची खूण नाही.
बैठक तहकूब. इतिवृत्तात लिहा, सभासद विनाकारण गैरहजर.

साडेचारला तो आला.
रुक्माण्णा गावडे, पायात धुळीच्या चपला, हातात शाळेची वही.
बस चुकली, म्हणाला, कागद पोस्टमननं काल आणला.
कुठला कागद ते मला माहीत होतं.
मागच्या आठवड्यात मीच कार्ड टाकलं होतं, पंचवीस... नाही, पन्नास पैशांचं.

वही उघडली त्यानं.
देवळाची तिसरी पायरी : दोन काड्या.
शाळेमागचा खडक, उभं राहून : एक.
खडक, बसून : नाही.
धनगराचा गोठा : गोवा.
फणसाखाली : येते, जाते.
मसणवट : भरपूर.

सही कुठं करू, त्यानं विचारलं. साहेब गेले का?
हाय की नाही कोणी?

त्या 'हाय'वर माझा हात कानाकडे गेला,
चाळीस वर्षांची सवय.
आवाज मी विसरत नाही.
विचारलं काहीच नाही. आडनाव तर पाटीवर होतंच,
आम्ही सगळ्यांनी वाचलेलं, तिन्ही बैठकांना.

गार चहा होता, तो त्याच्यापुढं सरकवला.
वहीचं पान फाडून खाली आवक-जावकला नेलं.
विषय काय लिहू, बाईसाहेब? पोरानं विचारलं.
शिक्का हातात, वर धरलेला.