निकामी

युरियाच्या पोत्यात गुंडाळून आणली,
वरून सुतळी.
मालगुजाराचा नातू म्हणाला, चमकली पाहिजे, काकाजी,
करांडल्याच्या गेटाकडे रिसॉर्ट काढतोय,
काउंटरमागं टांगायची आहे.
सोबत ठाण्याचा कागद, गोल शिक्का :
पिन कापली. शस्त्र निकामी.

बानं कागद दोनदा वाचला
आणि कागदालाच म्हणाला,
निकामी कोण थे पाहू.

बाला ऐकू येत नाही.
तेहतीस वर्षं फॅक्टरीत, टेस्टिंग शेडच्या भिंतीला लागून
खराद चालवली.
आता पवनीच्या बाजारामागं आमचं एक शटर :
डोमाजी लांजेवार, बंदूक दुरुस्ती, लायसन नंबर अमुक,
आणि खाली मी रंगवलेलं
शिलाई मशीनसुद्धा.

लिव्हर हलत नव्हती.
गजानं नळी ठोसली तर आधी माती पडली,
मग मातीच्या खोल्या, एकीला एक चिकटलेल्या.
कुंभारणीचं घर.
खोलीखोलीत वाळके कोळी, पाय आवळून,
पिल्लांसाठी साठवलेले. एका खोलीला भोक होतं,
एक पिल्लू तरी उडून गेलं असणार
ज्या तोंडातून गोळी जायची
त्याच तोंडातून.
बा म्हणाला, फेकू नको.
काडीपेटीत भरून ठेवली.

घोड्याची कमान तुटलेली.
ती मी भंगारातल्या घड्याळाच्या पट्टीतून घासली, तीन दिवस,
पहिल्या दोन मोडल्या.
इस्क्रूचे आटे आपल्याकडच्या कुठल्याच डायला जुळेनात,
परक्या देशाचे आटे,
बानं खरादीवर एकेक कापला,
चष्म्यावर दुसरा चष्मा लावून.

चमकवायला तो तयारच नव्हता.
बफ मारला का अक्षरं जातेत, म्हणाला,
मंग लोखंड उरते, बंदूक नाई उरत.
नवसागराचं पाणी लावून नळी टांगली ओलसर कोपऱ्यात,
गंज चढू दिला.
धान उकडायच्या कढईत उकळली.
तांबडा गंज काळा झाला.
पुसली, पुन्हा गंजवली, पुन्हा उकळली.
सहाव्या खेपेला निळी झाक आली,
जांभूळ फोडल्यावर बोटाला राहते तशी.
शेजारच्या गिरणीतला पोरगा विचारून गेला,
काय शिजून राह्यलं जी?

दस्ता अक्रोडाचा, काळपट.
खालच्या अंगाला खाचा होत्या. सात.
सातवी अर्धीच.
वाघ सुटला असेल, किंवा चाकू बोथटला असेल.
नातवानं फोनवर बजावलं होतं :
त्या बुजवा. पाहुणे वाघ बघायला येतात,
बरं नाही दिसत.

अक्रोड पवनीत कुठला.
फण्या करणाऱ्याकडून हळदूचा तुकडा आणला,
सात चिपा तासल्या, सरसानं बसवल्या,
जवसाचं तेल चोळलं हाताच्या उष्णतेनं,
रोज थोडं, अकरा दिवस.
तेल प्यायल्यावर अक्रोड आणखी काळा झाला
आणि हळदू पेटला.
काळ्यावर सात पिवळे पट्टे,
सातवा अर्धा.

मी सांगितलं तसंच केलं होतं.
बिलात लिहिलं : खाचा भरणे, नग सात, दर चाळीस.
बानं पट्ट्यांवरून अंगठा फिरवला,
काही बोलला नाही,
बिल घडी करून पोत्याच्या सुतळीत खोचलं.
नातवाला फोटो पाठवला. तो म्हणाला, रंग जुळला नाही.
म्हटलं, लाकूड हळूहळू मिसळते.
किती मिसळेल, मला माहीत नाही.

न्यायला यायच्या आदल्या संध्याकाळी
बानं दस्त्याची टाच दातात धरली,
डोळे मिटले,
हातानं खूण केली : चालव.
मी लिव्हर खाली ओढली, वर घेतली.
खट्. खळ्ळक्.
दोनदा. तीनदा.

टाच काढून तो म्हणाला,
एक इस्क्रू खोटं बोलते.
डावीकडचं.

मी ते आवळलं नाही,
उलट पाव फेरा सैल सोडलं.
पुन्हा चालवली.
तो हसला,
की दातांना नुसतं गार लागलं,
दिवा लावायचा राहिला होता, दिसलं नाही.