सोयरीक

कूलरची मोटर फार जोरात पळते.
सायकलची रिम लावून तिला आवर घातला,
रंगाचा रिकामा डब्बा आडवा बांधला,
आत धामेची वाळू, पाणी आणि काच.
चार दिवस, चार रात्री
(लाइन असेल तेवढ्याच)
घर्रर्र ऐकत झोपले.
शेजारची बेबीनंदा म्हणाली,
"दुर्पता, तुह्या घरी रातभर भूत दळण दळते का वं?"

नदी हेच काम फुकट करते.
पण तिला वेळ आहे,
मला शनिवारचा बाजार.

पाचव्या दिवशी डब्ब्यात हात घातला.
काच चावली नाही.

कुठली काच, ते विचारू नका.
विचारलंत तर सांगते :
आम्ही एकोणीस बायका
मुसळं घेऊन गेलो होतो नाल्याकाठच्या झोपडीवर.
जिल्हा दारूबंदीचा, कागदावर कोरडाठाक,
आणि नाल्यात बाटल्यांचा पूर.
फोडल्या. मोजल्या नाहीत.
पेपरात फोटो आला,
पंचफुला मधोमध, नेमके डोळे मिटलेली.

काच कुणीच उचलली नाही.
ती धुऱ्यात रुतली,
वखरासोबत वर आली,
गुंफाबाईच्या खोंडाचा पाय फाडला तिनं,
माझ्या पोराच्या टाचेला सात टाके.
जिंकलेल्या जागेवर
अनवाणी चालायची सोय नव्हती.

मग मीच वेचू लागले,
कापूस वेचावा तशी वाकून,
फक्त ओटीत नाही, घमेल्यात.
देशीची पांढरी, बिअरची तपकिरी,
हिरवी कशाची होती, देव जाणे.
औषधाची एक निळी कुपी.
वर बाजारातल्या कासारणीकडून
फुटक्या बांगड्या, किलोच्या भावानं.

पहिल्या भट्टीत सगळ्या एकत्र घातल्या,
हौसच तशी.
चिकटल्या. इतक्या देखण्या
की बेबीनंदासुद्धा गप्प.
रात्री फडताळात टिक् वाजलं.
थोड्या वेळानं पुन्हा, टिक्.
सकाळी एकूण एक लॉकेट दुभंगलेलं.

भट्टी वारलू कुंभाराची.
त्यानं तुकडे हातावर घेतले, हसला नाही.
"बाई, यायची सोयरीक नाही जमत.
तापताना सारेच हो म्हणतेत.
निवताना समजते, कोन कोनाचं."

आता बांगडी बांगडीशी,
बाटली तिच्याच तुकड्यांशी.
मातीच्या ताटलीत चुन्याची भुकटी,
त्यावर काचा, वर झाकण.
जळक्या मोटरीतली तांब्याची तार
वाकवून मध्ये ठेवायची, दोरा ओवायला.
खाली पऱ्हाटीचा जाळ.
फटीतून केशरी दिसलं की थांबायचं,
आणि मग दीड दिवस
भट्टीचं तोंड उघडायचं नाही.
कोणी बोलावलं तरी, पाऊस आला तरी,
आपल्यालाच राहवलं नाही तरी.
हे शिकायला मला दोन वर्षं लागली.
जाळ लावणं येतच होतं.
मुसळ उचलणंही.

बाजारात पोरी विचारतात, हा कोणता खडा?
नाल्याचा, म्हणते.
त्यांना वाटतं, लांबच्या एखाद्या गावाचं नाव असेल.

परवा दसरू आला.
झोपडी त्याचीच होती.
सहा महिने आत राहून आला तो,
आता फाट्यावर पंक्चर काढतो.
नातीसाठी म्हणून एक हिरवं उचललं,
उन्हात धरलं,
बराच वेळ धरून राहिला.
"वळखीचं वाटते."
"तुहंच हाय," मी म्हटलं.

मागचा गिऱ्हाईक पुढे सरकला.
दसरूनं साठ रुपये मोजून दिले,
घासाघीस केली नाही,
मीही पाच रुपये सोडले नाहीत.
मग कडेवरून अंगठा फिरवला त्यानं,
एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून.
"लागत तं नाही ना, लेकराच्या गळ्याले?"

"नाही," म्हटलं.
"चार दिवस वाळूत फिरलं हाय."