दोन बोटांची फट

कंपूत आमच्या भिंतीला लागून मॅरेज गार्डन झालं
तेव्हापासून लग्नसराईत
फडताळातल्या कपबश्या आपापसात बोलतात.

यांनी कुंपणवाला बोलावला, भरोसीलाल कुशवाह.
त्यानं ओट्यावर नमुने मांडले.
बांबू: "हा नुसता दिसायला, ताई."
लाकूड, पण फळीला फळी घट्ट हवी.
आणि एक राखाडी पॅनेल, पोटात दगडी लोकर.
उचलताना हे वाकले.
"आवाज वजनाला भितो," म्हणाला.

उंची?
तो माडीच्या खिडकीकडे बघत राहिला.
"तिथून स्पीकर दिसतो ना?
मग ऐकूही येणारच."

किंमत विचारली, तर गप्प.
पुन्हा विचारली. त्यानं उजवा कान पुढे केला.
डावा गेलाय,
बारा वर्षं डीजेच्या गाडीवर, भोंग्यांच्या पुढ्यात.
"ह्या गार्डनात?"
"सगळ्याच."

मग उकिडवा बसून
जुन्या पत्र्याखाली, दोन बोटांच्या फटीत
त्यानं हात घातला.
"हा इथून येतो. लोक वर बघत बसतात."

तेवढ्यात पलीकडे हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग.
पॅनेल उभं धरून त्यानं त्यावर तळहात टेकला,
तापलेल्या पोराच्या पाठीवर टेकावा तसा,
आणि डोळे मिटले.

चहा घेऊन मी
त्याच्या उजव्या बाजूनं गेले.