तिसऱ्या मजल्याची वाटी

अकोल्यात आम्ही दोघीच, आई आणि मी.
कुकरच्या दोन शिट्ट्यांत अख्खं घर जेवायचं.
इथे करावे गावात, पामबीचच्या अल्याड,
एका जिन्याला लगडलेले अठ्ठावीस तांडेल.
पहिल्यावर आम्ही, दुसऱ्यावर मोठे दीर,
चौथ्यावर आत्याबाई, लिफ्टला भिणाऱ्या,
गुडघे धरून चढतात,
तिसऱ्यावर मात्र दम खायला थांबत नाहीत.

लग्नात इतक्यांच्या पाया पडले
की चेहरे राहूनच गेले, पाय तेवढे ओळखू यायचे.
काळ्या नखाचा अंगठा म्हणजे मामा.
नखावर काय पडलं होतं, ते अजून विचारलेलं नाही.

मग मी वही केली.
मोठी बाय कोण, नुसती बाय कोण,
आणि बारक्या म्हणजे बावन्न वर्षांचे, शंभर किलोचे चुलत सासरे.
एकदा तोंडातून "काऊन?" निसटलं
तर ते हसता हसता खोकायला लागले.
अजून फोन उचलला की आधी, "काऊन गो, काऊन?"
आता मीही हसते.
यायला सहा महिने लागले ते हसू.

निवटी पहिल्यांदा पाहिली ती सिंकमध्ये, जिवंत,
डोळे वटारून बसलेली.
"तुनाच बगतंय गो," सासूबाई म्हणाल्या.
त्या दिवशी मी वरणभात जेवले.

रात्री गच्चीवर निनाद बोट दाखवत सांगतो:
सिग्नल आहे ना, तिथे आजोबांचा बांध,
पेट्रोल पंपापाशी खळं.
मग साडेबारा टक्क्यांचा प्लॉट येतो
आणि त्याचं बोट खिशात जातं.
त्याच्या गोष्टी दुसऱ्या मजल्यावरून
थेट चौथ्यावर जातात.

एका बुधवारी वाशीच्या बाजारात अंबाडी मिळाली.
लसणाची फोडणी दिली, अंमळ जास्तच झाली,
आणि हाताने सवयीनं एक वाटी बाजूला काढली.
आईची पहिली वाटी नेहमी शेजारी जाते.
दुसऱ्यावर कुलूप, सगळे उरणला साखरपुड्याला.
मी आणखी एक जिना चढले.

बेबीकाकीनं दार उघडलं.
वाटीकडे बघितलं, माझ्याकडे,
मग माझ्या मागे, जिन्यात.
"कोनी धारली तुना?"
"कुणीच नाही."
वाटी आत गेली. दार लागलं.

चार दिवस वाटी नाही.
सासूबाई भांडी मोजतात, प्रत्येकावर नाव कोरलेलं,
सहाच्या पाच कशा झाल्या म्हणून
अख्खं कपाट उपसलं त्यांनी.
मी कोथिंबीर निवडत राहिले,
निवडलेलीच.

पाचव्या दिवशी, दाराबाहेर,
चपलांच्या स्टँडवर वाटी.
वर ताटली, आत करंदीचं लोणचं.
भांडण असलं तरी
भांडं रिकामं फिरवत नाहीत.

सासूबाईंनी एक करंदी जिभेवर ठेवली,
खूप वेळ ठेवली.
नऊ वर्षं झाली होती म्हणे.
"मीठ जास्तच घालते, पयल्यापासून,"
म्हणाल्या, आणि आणखी अर्धी भाकरी घेतली.
निनाद ताटातच बघत होता.
मी वहीतलं कोरं पान काढलं
आणि लिहिलं: बेबीकाकी. मीठ जास्त.

मिटलं वगैरे काही नाही.
बेलापूरच्या कोर्टात तारखा पडतातच,
हसुरामकाका लिफ्टमध्ये अजून
मजल्यांच्या आकड्यांकडेच बघतात,
आणि दोन चुलत नणंदांची नावं
माझ्याकडून अजून उलटीपालटी होतात.

परवा फक्त एवढंच,
सासूबाईंनी ती वाटी घासली, पुसली,
ओट्यावर ठेवली. पालथी नाही, उताणी.
टीव्हीचा आवाज वाढवला
आणि टीव्हीलाच विचारल्यासारखं विचारलं,
"ती तुजी अंबारी,
परत कवा करतंस?"