डावा दिवा

आत्राम सिस्टरनी अल्टो उभी केली कडुलिंबाखाली
आणि उतरायच्या आधीच म्हणाल्या,
"दोनदा बल्ब बदलवले, भाऊ.
उजेड हाये, पण रस्त्यावर पडत नाही.
सारा झाडाच्या शेंड्यात जाते.
समोरचा ट्रकवाला शिव्या देऊन जाते."

मी काचेवर नख फिरवलं.
काच म्हणायची सवय; आहे ते प्लास्टिक,
शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं खरखरीत,
तुरीच्या डाळीच्या रंगाचं.
नागपूरच्या कोण्या बँकवाल्याची गाडी होती ही.
तेरा उन्हाळे तिनं छपराबाहेर काढले.

वडकी फाट्यावरचे लोक म्हणतात, गाडीले मोतीबिंदू झाला.
तसं नाही.
मोतीबिंदू आत पिकतो.
हे ऊन बाहेरून चाटत येतं,
कंपनीनं दिलेली पातळ साय आधी खातं,
मग खालचं.

टूथपेस्ट लावून पाहिली होती त्यांच्या पोरानं.
पंधरा दिवस चकाकली, मग पुन्हा तेच,
वर खाचांत पांढरं वाळून बसलेलं
आणि लवंगेचा वास.

बॉनेटच्या कडेला, बंपरला टेप चिकटवला,
गाडीचा रंग खरवडू नये म्हणून.
उजव्या दिव्यापासून सुरुवात.
आठशेचा वॉटर पेपर, सकाळपासून बादलीत भिजलेला.
राळेगावचे हबीब उस्ताद एवढंच शिकवून गेले:
पाणी थांबलं का कागद चावते.
एका हातानं पाणी, एका हातानं कागद,
आडवा, फक्त आडवा.
पिवळं ताक बंपरवरून ओघळलं
कडुलिंबाच्या मुळाशी.
कोणत्या सालचं ऊन कोणतं, त्यात कळत नव्हतं.

"अवं माय! हे तं पुरतं आंधळं केलं तुमी."

होय. या कामात ही वेळ येतेच.
पिवळं जातं, दूधकाचेसारखं पांढरं उरतं,
आणि गिऱ्हाईक आपल्याकडे असं पाहतं
जसं आपण त्याचं काही चोरलं.
तेव्हा बोलायचं नाही.
हजार, दीड हजार, दोन हजार,
आडव्यावर उभा, उभ्यावर आडवा,
आधीच्या कागदाचे ओरखडे पुढच्यानं मिटवायचे.
तीन हजाराचा कागद तर इतका मऊ
की बोटालाच शंका येते.
मग पॉलिश, जुन्या धोतराचं फडकं,
आणि आतला बल्ब दिसला,
बल्बातली तार दिसली,
कधीची मेलेली एक माशीसुद्धा.

उजव्याला लॅकरचा हात दिला, तोवर साडेसात.
दहेगावहून फोन आला.
"बोट लावू नका, ओलं आहे," एवढं सांगेपर्यंत
त्या स्टिअरिंगवर.
डावा तसाच, कडेनं टेप लागलेला.
मी फाट्यावर उभा राहून पाहिलं:
उजवीकडे डांबर, पांढरी पट्टी, मैलाचा दगड,
दगडावरचा आकडा.
डावीकडे हळद.

चौथ्या दिवशी आल्या. टेप अजून तिथंच, धुळीनं जाड झालेला.
"रोही दिसला, उजव्या अंगाचा.
डोळे चमकले तसा ब्रेक मारला.
डाव्या अंगाले किती होते ते देवाले ठाऊक.
करून टाका आता."

केला.
लॅकरचा एक हात, तो वाळू देऊन दुसरा.

"किती दिवस टिकन?"
सावलीत लावाल तर दोन-तीन वर्षं.
"दवाखान्यापुढं सावली नाही."

ते मला ठाऊक होतं. तिथलं झाड
गटारासाठी तोडलं, गटार काही आलं नाही.

मग मागून फ्लेक्स आणला,
कोण्या भाऊंच्या वाढदिवसाचा, वाऱ्यानं पाडलेला.
दोन तुकडे कापले, नाडी ओवली.
पैसे दिव्यांचेच घेतले.

आता येता-जाता पाहतो:
भर दुपारी दवाखान्यापुढे अल्टो,
डोळे झाकून उभी,
उजव्या दिव्यावर शुभे
डाव्यावर च्छुक.