तिसऱ्या गेटापाशी, शेवटची चाळीस पानं

चार भागांची मालिका. पैसे अर्धे अर्धे.
एक आणि तीन माझ्याकडे, वडगावात, मागाच्या खोलीतल्या फळीवर,
दोन आणि चार गिरिजा पट्टणशेट्टीकडे.
म्हणजे अख्खी गोष्ट
कुठल्याच एका घरात कधी नव्हती.

पहिला भाग आम्ही एक नोव्हेंबरला वाचला.
तिच्या गल्लीत लाल-पिवळे झेंडे,
माझ्या गल्लीत दंडाला काळ्या फिती,
शाळा बंद, बस बंद,
आणि तिसऱ्या गेटाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानामागे
आम्ही दोघी एकाच पुस्तकावर डोकी टेकून
सात भिंतींच्या शहरात.
ती पान लवकर संपवायची. मी उलटू द्यायची नाही.
"थांब गे, ईलन अजून पाण्याच्या रांगेत आहे."

तिथं सोळाव्या वर्षी चाळणी व्हायची.
कोण आत, कोण भिंतीपलीकडे,
हे एक यंत्र ठरवायचं
आणि आईबापांनी टाळ्या वाजवायच्या.
आम्ही चौदाच्या होतो. हसायचो.
मग दहावीचा निकाल लागला.
गिरिजाला धारवाडला सायन्स मिळालं,
मला इथंच कॉमर्स.
स्टँडवर तिच्या वडिलांनी ट्रंक टपावर चढवली.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

चौथा भाग ठरल्याप्रमाणे तिचा. तिनं आधी वाचला,
आणि महिनाभर फोनवर नुसती
मेसची भाकरी, केमिस्ट्री, ढेकूण.
मग एका रविवारी कंडक्टरच्या हाती पुस्तक आलं,
पेपरात गुंडाळलेलं, कोपऱ्यावर पेढ्याचा तुपकट डाग.

समासात पेन्सिलीनं तिचं कन्नड.
ज्या लिपीसाठी मी चौथीत रडले होते
ती आता अडत नाही,
तिच्या अक्षरात तर नाहीच.
पान दोनशे बारा: हा खोटारडा.
पान तीनशे: नुसता एक केस, लांब, तिचाच.
आणि जिथं टॅव पुलावरून मागे वळतो,
एकटाच, धाकटीला आणायला,
तिथं कागद फाटेल इतकं दाबून
ब्याड. ब्याड. ब्याड.
मी त्याच्याखाली लिहिलं, नको.
त्यानं दोघींचंही ऐकलं नाही.

चाळीस पानं उरली तेव्हा मी थांबले.
अकरा दिवस.
दप्तरातून नेलं, आणलं, उशाला ठेवलं.
आई म्हणाली, "लग्न तरी होतंय का त्या पोरीचं?"
बाबा माग थांबवून, तुटलेला धागा दातात धरून,
"सरकार पडलं काय त्यांचं?"

पडलं, बाबा. भिंतीपण पडल्या, सातही.
पण ईलन राणी-बिणी झाली नाही.
ती नदीवर होडी चालवते.
माणसं या काठावरून त्या काठाला,
कुणाला गाव विचारत नाही.
शेवटच्या ओळीत ती हात धुते.
हात धुते, आणि पुढं कोरं पान,
त्याच्यापुढं छापखान्याचा पत्ता.
मी पत्तापण वाचला.

रात्री दीडला लाइट गेली,
गल्लीतले सगळे माग एकदम गप्प.
एवढ्या शांततेची आमच्या कानांना सवय नाही.
गेटावरून मालगाडी गेली. डबे मोजले, चुकले.
मिस्ड कॉल दिला.
"मुगीतेन?"
"मुगीत."
मग दोघी काहीच बोललो नाही,
तिकडं कुणीतरी झोपेतून तिच्यावर खेकसेपर्यंत.

सकाळी फळीवरचा पहिला भाग काढला.
कॅलेंडरच्या उलट्या पानाचं कव्हर,
वर तिचं नाव दोन्ही लिप्यांत,
कन्नडमधलं जरा तिरकं.
आता तीन आणि चार माझ्याकडे.
सुरुवात धारवाडला, शेवट इथं.

कंडक्टरनं हातात तोलून बघितलं.
"आत काय?"
"पुस्तक."
"अभ्यासाचं?"
मी हो म्हणाले.
त्यानं ते ड्रायव्हरच्या सीटमागे सरकवलं,
कुणाच्या तरी कुंद्याच्या डब्याशेजारी.